मरणाच्या दिवसाला 'उत्तम' का म्हणायचे?

दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये एका शुक्रवारी बँका, कचेऱ्या आणि शाळा बंद असतात. कॅलेंडरवर लाल अक्षरांत 'गुड फ्रायडे' छापलेले असते. सुट्टी म्हणजे सण आणि सण म्हणजे शुभेच्छा, असा सर्वसाधारण हिशेब. त्यामुळे सकाळी जिन्यात भेटलेल्या ख्रिस्ती कुटुंबाला शेजारीपाजारी अगदी मनापासून 'हॅपी गुड फ्रायडे' म्हणतात. समोरची माणसे किंचित हसतात, 'थँक्यू' म्हणतात आणि पुढे जातात. आज आमच्या घरी सुतक असल्यासारखा दिवस आहे, हे त्या शेजाऱ्याला जिन्यात उभ्या उभ्या कसे सांगायचे?

कारण हा दिवस एका माणसाला देहान्ताची शिक्षा झाली त्याचा आहे. त्याला खिळे ठोकून लाकडावर टांगले, तहानेने व्याकूळ होऊन तो मेला आणि घाईघाईने त्याला दुसऱ्याच्या थडग्यात ठेवले. मराठी ख्रिस्ती लोक या दिवसाला 'उत्तम शुक्रवार' म्हणतात. इंग्रजीतल्या 'गुड' शब्दाला पूर्वी 'पवित्र' असाही अर्थ होता, असे भाषेचे जाणकार सांगतात. तेवढ्याने शब्दाचा प्रश्न सुटतो. मनाचा प्रश्न मात्र उरतोच. जगातल्या कोट्यवधी माणसांनी आपल्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी एका तरुण माणसाचे रक्तबंबाळ मरण ठेवले आहे. त्याबद्दल त्यांना नेमके काय वाटते? दुःख? अपराधीपणा? कृतज्ञता? की लहानपणापासून पाहून पाहून आता काहीच वाटत नाही?

जबलपूरची मंडळी

जबलपूर म्हटले की भेडाघाटचे संगमरवरी खडक, नर्मदा आणि तोफा-दारूगोळ्याचे कारखाने आठवतात. शहरातली ख्रिस्ती वस्ती संख्येने फार मोठी नाही, पण ती जुनी आहे आणि तिच्यात नाना तऱ्हेची माणसे आहेत. इंग्रजांच्या काळात, १८४४ साली उभे राहिलेले क्राइस्ट चर्च आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या जबलपूर धर्मप्रांताचे कॅथेड्रल आहे. कॅथलिकांचा धर्मप्रांत १९५४ सालचा. त्याआधीच्या काळात हॉलंडहून आलेल्या नॉर्बर्टाइन संघाच्या धर्मगुरूंनी इथे काम उभे केले होते. मेथडिस्टांचे लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेजही याच शहरात आहे. उत्तर भारतातल्या अनेक चर्चचे पाळक इथूनच शिकून गेले.

माणसांची ठेवण तर आणखी वेगवेगळी. रेल्वेत आणि ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांत नोकरीसाठी आलेली अँग्लो-इंडियन, गोवेकर, तमिळ आणि केरळी घराणी. मंडल्याकडून आलेले गोंड आदिवासी. आणि हिंदी बोलणारी अशीही कुटुंबे, ज्यांचे खापरपणजोबा-खापरपणजी १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळांत अनाथ होऊन मिशनच्या आश्रयाला आले होते. अशा घरांत धर्म भाकरीबरोबरच आला आणि त्यांच्या पूर्वजांनी मरण फार जवळून पाहिले होते, हे ध्यानात ठेवायला हवे.

गुड फ्रायडेची तारीख दर वर्षी बदलते, कारण ती पौर्णिमेवरून ठरते. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपाठोपाठ येणारा रविवार म्हणजे ईस्टर आणि त्याच्या आधीचा शुक्रवार हा. म्हणून तो कधी होळीच्या, तर कधी हनुमान जयंतीच्या पौर्णिमेनंतर येतो. मंडल्याच्या जंगलात तेव्हा मोहाची फुले गळत असतात आणि जबलपुरात दुपारचे ऊन चांगलेच तापू लागलेले असते.

त्या दुपारच्या उन्हात लोक चर्चमध्ये जातात. पुष्कळ प्रॉटेस्टंट चर्चमध्ये बारा ते तीन अशी तीन तासांची उपासना असते. येशू वधस्तंभावर होता त्या वेळात त्याच्या तोंडून सात उद्गार निघाले, असे शुभवर्तमानांत आहे. त्या सातांवर एकामागून एक सात प्रवचने होतात. मारेकऱ्यांसाठी त्याने मागितलेली क्षमा, शेजारी टांगलेल्या चोराला दिलेला दिलासा, आईला शिष्याच्या हवाली करणे, तहान लागल्याचे सांगणे. आणि सर्वांत अवघड म्हणजे, देवाने आपल्याला का टाकले, असा त्याने देवालाच विचारलेला प्रश्न. लहान मुले चुळबुळ करतात, म्हाताऱ्या बायका पदराने वारा घेतात, मधूनच कोणाला डुलकीही लागते. तीन तास काही सगळेच भक्तिभावात बुडालेले नसतात. पण त्या पाचव्या-सहाव्या उद्गाराच्या सुमारास चर्चमध्ये एक वेगळीच शांतता पसरते आणि ती दर वर्षी पसरते.

कॅथलिक चर्चमध्ये वर्षातला हा एकमेव दिवस जेव्हा मिस्साच होत नाही. वेदीवरची वस्त्रे, मेणबत्त्या, फुले सारे काढून ठेवलेले असते. घंटा वाजत नाही. सुरुवातीलाच धर्मगुरू उघड्या वेदीसमोर जमिनीवर पालथे पडतात. मग दुःखसहनाची कथा वाचली जाते, सर्वांसाठी प्रार्थना होतात आणि अखेरीस एक मोठा क्रूस पुढे आणला जातो. माणसे रांगेने येतात, वाकतात, क्रूसाच्या पायांना ओठ लावतात. आजारपणातून उठलेला, नोकरी गेलेला, मुलगा परदेशी असलेली आई, नवऱ्याशी अबोला असलेली बायको, सगळे त्या रांगेत असतात. कोण काय मनात घेऊन वाकतो, ते ज्याचे त्याला ठाऊक.

एका शिक्षेची लाज

आज क्रूस सोन्याच्या साखळीत गळ्यात दिसतो. दोन हजार वर्षांपूर्वी तो कोणी गळ्यात घातला असता, तर लोकांनी त्याला वेडा ठरवले असते. रोमन साम्राज्यात ही शिक्षा गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी होती. इसवी सनापूर्वी ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर सुमारे सहा हजार गुलामांना कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेने असे टांगले होते. शिक्षेत नुसते मरण नव्हते. येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहावे, थुंकावे आणि धडा घ्यावा यासाठी ती होती. उघडेपणा, असहायता, बेअब्रू हाच तिचा गाभा.

त्यामुळे पहिल्या ख्रिस्ती लोकांना या मरणाचा अभिमान नव्हता, उलट त्याची मोठी अडचण होती. रोममधल्या पॅलटाइन टेकडीवर भिंतीवर कोरलेले एक जुने चित्र सापडले आहे. गाढवाचे डोके असलेला माणूस क्रूसावर टांगलेला आणि खाली त्याला नमस्कार करणारा एक जण. आपल्या ख्रिस्ती सोबत्याची कोणीतरी केलेली ती चेष्टा. येशूच्या वधाच्या उपलब्ध चित्रांपैकी हे सर्वांत जुन्यांतले एक मानतात! खुद्द ख्रिस्ती लोक मात्र सुरुवातीला मासा, नांगर, मेंढपाळ अशी चिन्हे काढत. चौथ्या शतकात ही शिक्षा व्यवहारातून गेली, ती प्रत्यक्ष पाहिलेल्यांची पिढी संपली, आणि त्यानंतरच, पाचव्या शतकापासून, क्रूसावरचा येशू उघडपणे कोरला जाऊ लागला. ज्याने खरी फाशी पाहिली आहे, तो फाशीचे चित्र घरात लावत नाही.

या लाजेच्या मरणाला अर्थ कसा द्यायचा, हा प्रश्न शिष्यांपुढे पहिल्याच आठवड्यात उभा राहिला. ते यहुदी होते. वल्हांडण सणाला कोकरू मारून त्याचे रक्त दाराच्या चौकटीला लावल्यामुळे पूर्वज वाचले, ही कथा त्यांच्या हाडीमाशी खिळलेली होती. येशू मेला तोही नेमका वल्हांडणाच्या दिवसांत. तेव्हा हाच तो कोकरा, हेच शेवटचे बलिदान, असे ते म्हणू लागले. 'शेवटचे' हा शब्द इथे महत्त्वाचा. चर्चमध्ये सहसा बकरा किंवा कोंबडे कापत नाहीत, त्याचे कारण हे आहे. देवाला आता आणखी रक्त नको, ही त्या मरणातून ख्रिस्ती माणसाने घेतलेली पहिली खूण.

सावकार, न्यायाधीश की आई?

पण एकाच्या मरणाने दुसऱ्याचे पाप कसे फिटते? हा प्रश्न हिंदू शेजारी विचारतात तसा ख्रिस्ती मुलेही विचारतात, विशेषतः दहावी-बारावीच्या वयात. कर्माचे फळ ज्याचे त्याने भोगायचे, या विचारात वाढलेल्या देशात तर तो अधिकच टोचतो.

उत्तरे अनेक आहेत आणि ती एकमेकांशी फारशी जुळत नाहीत. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीचे आर्चबिशप अँसेल्म यांनी ऋणाच्या भाषेत मांडणी केली. माणसाने देवाचा मान राखण्याचे ऋण बुडवले, ते फेडण्याची त्याची ऐपत नाही, म्हणून देवच माणूस होऊन ते फेडतो. काही वर्षांनी फ्रान्समध्ये आबेलार यांनी वेगळा सूर लावला. त्यांच्या मते त्या मरणात दिसलेले प्रेम पाहून माणसाचे कठोर मन वितळते, हेच तारण. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांनी कोर्टाचे चित्र उभे केले. गुन्हेगार आपण, शिक्षा निरपराध्याने आपल्या वतीने भोगली. आणि या साऱ्यांच्या आधीपासून चालत आलेली एक कल्पना युद्धाची आहे. मृत्यूच्या किल्ल्यात आत शिरून ख्रिस्ताने तो किल्ला आतून फोडला, असे ती म्हणते.

म्हणजे एकाच्या डोळ्यांपुढे सावकार आहे, दुसऱ्याच्या न्यायाधीश, तिसऱ्याच्या लेकरासाठी झुरणारी आई आणि चौथ्याच्या लढवय्या. गंमत अशी की, साऱ्या मोठ्या चर्चना मान्य असलेला चौथ्या शतकातला श्रद्धेचा मसुदा या भानगडीत पडतच नाही. येशू पंतय पिलाताच्या अमदानीत आमच्यासाठी वधस्तंभावर गेला, एवढेच तो सांगतो. 'आमच्यासाठी' म्हणजे कसे, हे त्याने मोकळे सोडले आहे. जबलपूरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षेत ही सगळी मते लिहावी लागतात. पण पाळक होऊन एखाद्या खेड्यात गेल्यावर, तरुण मुलाच्या शवपेटीजवळ बसलेल्या आईशी बोलताना त्याला अँसेल्म उपयोगी पडत नाही. तिथे उपयोगी पडते ते एकच. ज्या देवाला तू हाक मारतेस त्यानेही आपला मुलगा असाच जाताना पाहिला आहे, हे.

बहुसंख्य साध्या ख्रिस्ती माणसांच्या मनात या मरणाचे स्थान असे आहे. उपपत्ती त्यांनी कधी नीट ऐकलेली नसते. देव दुःखाच्या बाहेर उभा नाही, आत आहे, एवढे त्यांना पुरते. भारतीय वाचकाला हे अगदीच परके वाटू नये. वृत्रासुराच्या नाशासाठी आपली हाडे देणारे दधीची ऋषी आणि हलाहल गिळून कंठ निळा करून घेणारे शंकर लहानपणापासून ओळखीचे असतात. फरक एवढाच की, दधीचींचे मरण सन्मानाचे होते. येशूचे अपमानाचे होते.

ज्यांना ते पटले नाही, ज्यांना ते उशिरा पटले

गांधीजींना हे मरण पटले आणि पटलेही नाही. १८९३ मध्ये ते प्रिटोरियात असताना एका ख्रिस्ती परिचिताने त्यांना समजावले की, पाप तर माणसाकडून होणारच, तेव्हा त्याचा भार येशूवर टाकून निश्चिंत व्हावे. गांधीजींनी उत्तर दिले की, त्यांना पापाच्या फळापासून सुटका नको आहे, पापापासूनच सुटका हवी आहे. येशूचे मरण हा जगापुढचा थोर आदर्श आहे हे त्यांना मान्य होते. त्यात काही गूढ सामर्थ्य आहे, हे मात्र त्यांच्या मनाने घेतले नाही. आत्मकथेत त्यांनी ते स्वच्छ लिहून ठेवले आहे. आणि तेच गांधीजी १९३१ च्या डिसेंबरात रोमला गेले, तेव्हा व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेलमध्ये क्रूसावरच्या येशूची मूर्ती पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये त्यांच्या कुटीच्या मातीच्या भिंतीवर शोभेची म्हणावी अशी एकच वस्तू होती, येशूचे चित्र.

मराठी माणसांत या मरणाशी झगडलेली काही नावे तर विलक्षण आहेत. नीळकंठशास्त्री गोरे हे चित्पावन पंडित १८२५ मध्ये बुंदेलखंडात जन्मले आणि काशीत वाढले. मिशनऱ्यांचे खंडन करायला ते निघाले आणि १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. पण शंकांनी त्यांचा पिच्छा अखेरपर्यंत सोडला नाही. षड्दर्शनांवर ग्रंथ लिहिणारा हा बुद्धिमान माणूस श्रद्धा धरून राहिला तो शंका बाजूला सारून नव्हे, शंका कडेवर घेऊन.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडातल्या वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तिथल्या भगिनींशी त्यांचे धर्ममतांवरून सतत खटके उडत. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, इथपर्यंत वाद गेला. पुढे त्यांनीच लिहिले की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे त्यांच्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त नव्हता. १८९१ च्या सुमारास त्यांना जे गवसले ते वादात जिंकून मिळालेले नव्हते. आपण पतित आहोत, दुबळ्या आहोत आणि तरीही कोणीतरी आपल्यासाठी आधीच किंमत मोजून बसले आहे, या जाणिवेने त्या हलक्या झाल्या. त्यानंतरच्या रमाबाई बघाव्यात. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली-बायकांना त्यांनी आधार दिला. त्यांचे स्वतःचे आईवडील अशाच उपासमारीत गेले होते. मरणाचा अर्थ त्यांना पुस्तकातून लावायचा नव्हता.

नारायण वामन टिळकांची गोष्ट थोडी निराळी. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारले गेले आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ख्रिस्ताकडे ते गेले ते तुकोबांच्या वाटेने. त्यामुळे त्यांच्या भजनांत कोर्टकचेरी नाही, सावकारी नाही. तिथे ख्रिस्त ही माउली आहे, गुरू आहे. रक्ताचा हिशेब मागणारा देव मराठी भक्तीच्या परंपरेत बसत नाही, हे त्यांच्या कविमनाने ओळखले होते. त्यांनी सुरू केलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या हयातीत थोडेच झाले. त्याचे बहुतेक अध्याय रचले ते लक्ष्मीबाईंनी. नवरा धर्म बदलून गेला म्हणून वर्षानुवर्षे अश्रू गाळलेल्या बाईने! त्याआधी तीन शतके, १६१६ मध्ये, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. त्यातले येशूचे दुःखसहन मराठी ओव्यांत आहे. पुराण ऐकायची सवय असलेल्या कानांना परदेशातले मरण अशा रीतीने घरचे झाले.

स्वयंपाकघरातला शुक्रवार

धर्मशास्त्र दमवते, पण घरातला शुक्रवार सोपा असतो. राखेच्या बुधवारी कपाळावर राखेची खूण करून घेतली की चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. कोणी मटण-मासळी सोडते, कोणी चहातली साखर, कोणी सिगारेट. या काळात सहसा लग्ने होत नाहीत. केरळी घरांत गुरुवारी रात्री तांदूळ-उडदाच्या पिठाचा यीस्ट न घातलेला अप्पम करतात. त्यावर झावळीच्या पात्याचा छोटा क्रूस ठेवलेला असतो. घरातला वडीलधारा तो कापतो आणि नारळाच्या दुधात गूळ घालून केलेल्या 'पाला'बरोबर वयानुसार सर्वांना वाटतो. त्या वर्षी घरात कोणी गेले असेल तर हा अप्पम घरी करत नाहीत, शेजाऱ्यांकडून येतो. शुक्रवारी पेज आणि कडधान्य. अँग्लो-इंडियन घरांत वर क्रूसाची रेघ असलेले गोड पाव.

त्या दिवशी घरात मोठ्याने गाणी लावत नाहीत. टीव्ही बंद असतो, निदान आजी जागी असेपर्यंत तरी! तरुण मुलांना हे सारे कधी कधी जड जाते. वर्गातले मित्र सुट्टी म्हणून क्रिकेट खेळायला बोलावतात आणि घरी तर तोंड पाडून बसायचे असते. पण पुढे नोकरीसाठी पुण्या-बंगलोरला गेलेली हीच मुले त्या शुक्रवारी कुठले तरी अनोळखी चर्च शोधत फिरतात, हेही तितकेच खरे.

कॅथलिक घरात क्रूसावर येशूचे शरीर असते, बऱ्याच प्रॉटेस्टंट घरांत क्रूस रिकामा असतो. एकाला त्याचे दुःख विसरायचे नाही, दुसऱ्याला तो उठला हे विसरायचे नाही. आंतरपंथीय लग्न झालेल्या घरात भिंतीवर कोणता क्रूस लावायचा, यावरून सासू-सुनेत धुसफूस होऊ शकते. शेवटी दोन खोल्यांत दोन लावून प्रश्न मिटवायचा!

सोसण्याचा गैरवापर

या मरणाच्या आदराला एक काळी बाजूही आहे आणि ती ख्रिस्ती लोकांनीच बोलून दाखवली आहे. 'आपापला क्रूस वाहावा' हा उपदेश मार खाणाऱ्या बाईला किती वेळा केला गेला असेल? येशूने सोसले, तू एवढेही सोसू नयेस? आपल्या देशात तर कायदाही या बाजूने उभा होता. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्याप्रमाणे ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरत असे. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. नुसता छळ पुरत नसे. २००१ मध्ये हा कायदा बदलला. तोपर्यंत किती जणींनी क्रूसाकडे पाहत दिवस काढले, त्याची मोजदाद कोणी केलेली नाही.

१९८९ मध्ये अमेरिकेतल्या दोन स्त्री धर्मअभ्यासकांनी, जोआन कार्लसन ब्राउन आणि रेबेका पार्कर यांनी, तर थेटच विचारले की, पित्याच्या इच्छेने मुलाचा छळ होतो आणि त्याला प्रेम म्हणायचे, हे घरातल्या मारहाणीला पाठबळ देणारे नाही काय? पुष्कळांना हा प्रश्न पाखंडी वाटला. पण त्याला उत्तर देताना अनेक धर्मशिक्षकांना आपली भाषा तपासावी लागली. येशूला देवाने मारले नाही, सत्तेने आणि भित्र्या माणसांनी मारले. त्याने सोसले ते दुसऱ्याला वाचवण्यासाठी, मारणाऱ्याचा हात आणखी मोकळा व्हावा म्हणून नव्हे. हा भेद प्रवचनांत स्पष्टपणे आला नाही, तर गुड फ्रायडेच्या उपासनेतून काही बायका दिलाशाऐवजी आणखी एक ओझे घेऊन घरी जातात.

मराठी धर्मचिंतक अरविंद निर्मळ (१९३६-१९९५) यांनी याच मरणाकडे तिसऱ्याच जागेवरून पाहिले. 'दलित' म्हणजे मोडलेला, चिरडलेला, फाटलेला. क्रूसावरचा येशू अक्षरशः तसाच आहे, म्हणून तो आमचा आहे, असे ते सांगत. चेन्नईच्या गुरुकुल महाविद्यालयात त्यांनी दलित धर्मचिंतनाचा विभाग उभा केला. भारतातल्या ख्रिस्ती लोकांपैकी फार मोठा भाग गावकुसाबाहेरून आलेला आहे. त्यांना येशूचा अपमान समजावून सांगावा लागत नाही.

जेव्हा मरण घरात येते

बलिदानाविषयी बोलणे सोपे, क्षमेविषयी त्याहून सोपे. मध्य प्रदेशातल्या ख्रिस्ती लोकांना त्याची खरी परीक्षा पाहायला दूर जावे लागले नाही.

सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या, क्लॅरिस्ट फ्रान्सिस्कन संघाच्या. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात त्या आदिवासी आणि छोट्या शेतकऱ्यांमध्ये काम करत. सरकारी योजना कशा मिळवायच्या, बँकेचे कर्ज कसे घ्यायचे, सावकाराच्या पाशातून कसे सुटायचे, हे त्यांनी लोकांना शिकवले. हितसंबंधीयांना ते खुपले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या बसने इंदूरकडे निघाल्या असताना समुंदर सिंग या तरुणाने भर बसमध्ये त्यांच्यावर सुऱ्याचे वार केले आणि खाली ओढून पुन्हा वार केले. प्रवासी पाहत राहिले. वय अवघे एकेचाळीस.

समुंदर सिंगला जन्मठेप झाली. गोष्ट इथे संपली असती. पण राणी मारियांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल, त्याही त्याच संघाच्या, २००२ मध्ये इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि त्यांनी समुंदर सिंगच्या मनगटावर राखी बांधली. ज्या हाताने बहीण गेली त्या हातावर. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी सरकारकडे शब्द टाकला आणि २००६ मध्ये तो बाहेर आला. पुढे तो केरळात त्यांच्या गावी गेला. घरच्यांनी त्याला दारातून परत पाठवले नाही.

ही क्षमा शहाणपणाची होती का, असा प्रश्न अनेकांनी विचारला, ख्रिस्ती लोकांनीसुद्धा. शिक्षा पूर्ण व्हायला नको होती का? गरिबांसाठी काम करणाऱ्यांवर हात टाकणाऱ्यांना यातून भलताच धडा मिळणार नाही का? प्रश्न रास्त आहेत. क्षमा कुटुंबाने केली, त्या गुन्ह्यामागे ज्यांचा हात होता त्यांचा हिशेब त्याने चुकता होत नाही. पण वधस्तंभावरून मारेकऱ्यांसाठी मागितलेली क्षमा हे दर वर्षी ऐकायचे नुसते वाचन आहे, की घरात रक्त सांडल्यावरही पाळायची गोष्ट आहे, एवढे त्या बहिणीने स्वतःपुरते ठरवून टाकले.

जबलपुरालाही अशा प्रसंगांचा अनुभव आहे. ३१ मार्च २०२५ रोजी, ज्युबिली वर्षानिमित्त शहरातल्या चर्चना भेट द्यायला मंडल्याहून आलेल्या कॅथलिक आदिवासींची बस एका जमावाने अडवली. धर्मांतराचा संशय घेऊन त्यांना पोलीस ठाण्यात नेले आणि मदतीला धावलेल्या धर्मगुरूंना रांझी पोलीस ठाण्यासमोर मारहाण झाली. पोलिसांत तक्रार नोंदवली गेली, निषेध झाले, संसदेतही विषय निघाला. त्यानंतर अठरा दिवसांनी गुड फ्रायडे आला. त्या दिवशीच्या प्रार्थनांचा क्रम ठरलेला आहे आणि तो कोणा एका गावाच्या भांडणाप्रमाणे बदलत नाही. चर्चसाठी, यहुदी लोकांसाठी, ख्रिस्ताला न मानणाऱ्यांसाठी, देवालाच न मानणाऱ्यांसाठी, राज्यकर्त्यांसाठी, संकटात असलेल्यांसाठी. प्रत्येक प्रार्थनेपूर्वी क्षणभर गुडघे टेकून गप्प राहायचे असते. त्या वर्षी त्या क्षणांत काहींच्या मनात राग असेल, काहींच्या भीती. न्याय मागणे आणि क्षमा करणे एकाच वेळी कसे जमवायचे, हा पेच गुडघे टेकल्याने सुटत नाही.

राणी मारियांना ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे कॅथलिक चर्चने 'धन्य' घोषित केले. संतपदाच्या वाटेवरची ती पायरी. समारंभाला देशभरातून हजारो लोक आले होते. त्या गर्दीत समुंदर सिंगही होता.